नत्थूजींच्या नावाचा डोस

लसीची व्हायल फोडली की चार तास. चार तासांत त्या एका बाटलीतले दहा डोस दहा माणसांच्या दंडात गेले पाहिजेत, नाही तर उरलेलं औषध फेकायचं आणि का फेकलं त्याचं उत्तर द्यायचं. म्हणून नियम असा, की दहा माणसं जमल्याशिवाय व्हायलला हात लावायचा नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांनी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत येऊन एकदा दहा माणसं एका वेळी एका जागी बसवून दाखवावीत. तेरवीच्या जेवणाला बोलावलं तरी इथले लोक तीन पंगतींत येतात.

मी इंदू मेश्राम. डॉक्टर हेडाऊंच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स आहे. लोक मला इंदुताई म्हणतात आणि माझ्या तोंडाला भितात, ते बरंच आहे. २०२१ च्या मार्चमध्ये वरून असं ठरलं, की लोक मोठ्या इस्पितळात जायला घाबरतात, तर कोरोनाची लस त्यांना वस्तीतल्या ओळखीच्या डॉक्टराच्या हातून द्यावी. आमच्या डॉक्टरांना केंद्र मिळालं. दवाखाना दोन खोल्यांचा, म्हणून शेजारच्या समाजभवनात टेबल टाकलं. टोचायचं मी, कॉम्प्युटरवर नावं चढवायची तीही मीच, आणि डॉक्टरांनी दवाखाना सांभाळत मधूनमधून येऊन लोकांना धीर द्यायचा.

पहिल्या दिवशी चार जण आले. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी तीन, त्यातल्या एकाला लस नको होती, बीपी मोजून पाहिजे होतं. तिन्ही दिवस मी लोकांना हात जोडून घरी पाठवलं आणि लसीची निळी पेटी होती तशी परत गेली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर या गल्लीचे ताप-खोकले काढले, आणि त्यांच्या शब्दाला दहा माणसं येऊ नयेत, हे त्यांना लागलं होतं.

चौथ्या दिवशी नत्थूजी कामाला लागले. नत्थूजी म्हणजे गांधीबागेच्या कापडबाजारातले हमाल. चाळीस वर्षं कापडाच्या गाठी पाठीवर वाहिल्या, वय एकसष्ट, दमा आणि साखर दोन्ही घरची झालेली. बाजार अर्धा बंद, हाताला काम नाही, म्हणून ते सकाळपासून समाजभवनाच्या पायरीवर बसून असायचे. दहा माणसांचा नियम त्यांनी ऐकला आणि उठून गल्लीत गेले. एकेका खिडकीखाली उभं राहून हाका मारायचे, की हेडाऊ डॉक्टर बोलावून राहिले, चाल लवकर. जणू काही डॉक्टरच आजारी पडलेत. एका म्हाताऱ्याला त्यांनी लस घेतल्यावर चहा मिळतो असं सांगून आणलं आणि तो चहा मला करून द्यावा लागला. पण दहा माणसं झाली. नऊ त्यांनी आणलेली आणि दहावे ते स्वतः.

त्यांच्या दंडाला स्पिरिट लावलं आणि दारात आणखी एक बाई आली, लांबच्या गल्लीतून उन्हात चालत. नत्थूजी खुर्चीवरून उठले. "तुमी घ्या बाई. मी तं इथंच हाओ."

त्या दिवसापासून मी त्यांना राखीव ठेवलं. हे त्यांनी ठरवलं नाही, मी ठरवलं. नऊ झाले आणि दहावा सापडला नाही, तर नत्थूजी आहेत. ते आहेत म्हटल्यावर मी बेधडक व्हायल फोडायची, आणि रोज शेवटच्या घटकेला कोणी ना कोणी यायचंच, कारण नत्थूजी त्याला शोधून आणायचे. माझी सोय फार उत्तम झाली होती. आठ दिवसांत एकही डोस वाया गेला नाही. वरून कौतुकाचा निरोप आला, डॉक्टरांनी तो मला दोनदा वाचून दाखवला, आणि खोटं कशाला बोलू, मीही फुगले. नत्थूजींची बायको रंभाबाई एकदा भाजी घेऊन जाताना थांबली आणि ह्यांना कधी देता म्हणून विचारलं. मी म्हटलं, देते हो, ते कुठे पळून चालले.

बारा मार्चला, शुक्रवारी, दहा वाजता फोडलेली व्हायल दोन वाजता संपणार होती. पावणेदोनला नऊ डोस देऊन झाले होते आणि दहावा खरंच कोणी नव्हता. मी नत्थूजींचं नाव कॉम्प्युटरवर चढवलं, त्यांनी बाही वर केली, आणि मागच्या दारानं देवकीबाई आत आली.

देवकीबाई बाहत्तर वर्षांची. चौकातला पानठेला तिच्या मुलाचा, भैयाजीचा. लस म्हणजे म्हातारे कमी करायचं काम आहे, असं भैयाजी पानाला चुना लावता लावता येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण आईवर त्याचा जीव होता, आणि त्या जिवापायी त्यानं तिचं आधार कार्ड कपाटात कुलपात ठेवलं होतं, तिनं गुपचूप जाऊन लस घेऊ नये म्हणून. त्या दिवशी तो लग्नाला उमरेडला गेला होता. देवकीबाईजवळ कार्ड नाही, फोन नाही. मी म्हटलं, कागदाशिवाय देता येत नाही. ती खाली फरशीवरच बसली. म्हणाली, तो उद्या आला की मला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही, आणि मला मरायचं नाही. बाहत्तर वर्षांची बाई हे इतकं सरळ बोलली.

नत्थूजींनी बाही खाली केली. "माह्या नावानं देऊन टाका ना ताई. माह्यं उद्या पाहू."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. एरवी माझं तोंड कात्रीसारखं चालतं, नेमकं तेव्हा चाललं नाही. मनात म्हटलं, नाव उद्या दुरुस्त करू. घड्याळात दोनला आठ मिनिटं कमी होती आणि समोर एक डोस वाया जाणार होता. मी तो देवकीबाईला टोचला आणि कॉम्प्युटरवर नत्थूजींच्या नावापुढं 'दिला' असं केलं. देवकीबाईनं आम्हा दोघांकडून वचन घेतलं, की भैयाजीला कळता कामा नये. मग तिनं नत्थूजींवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि आली तशी मागच्या दारानं गेली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सगळ्यात आधी नाव दुरुस्त करायला बसले आणि कळलं, की दुरुस्त होतच नाही. नत्थूजींचा पहिला डोस झाला, दुसरा अठ्ठावीस दिवसांनी, यापलीकडे ते यंत्र काही बोलेना. फोटोचा दुसरा कोणताच कागद त्यांच्याजवळ नव्हता, की नव्यानं नाव घालावं. वर कळवलं असतं तर दुरुस्ती झाली असती कदाचित, पण एकाच्या नावावर दुसऱ्याला लस दिली हे लिहून द्यावं लागलं असतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, केंद्र जाईल, माझ्या रजिस्ट्रेशनवर येईल, आणि तुमच्यावर तर केसच होईल. अठ्ठावीस दिवसांचा तर प्रश्न आहे. दुसरा म्हणून जो देऊ तोच त्यांचा पहिला. मला ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. नत्थूजींना सांगितलं तर ते हसले आणि पायरीवर जाऊन बसले. त्यांना काही फरकच पडला नव्हता.

मला पडला होता. एखाद्या व्हायलमधून अकरावा डोस निघतो असं ऐकलं होतं. तो कुठं लिहावा लागत नाही. मी रोज दहा झाल्यावर रिकामी व्हायल उलटी धरून सिरिंज ओढायची. नत्थूजी बाही वर करून समोर बसायचे. कधी पाव डोस निघायचा, कधी अर्धा, एकदा जवळजवळ पाऊण निघाला. अर्धवट डोस टोचता येत नाही, आणि दोन व्हायलमधलं एकत्र करता येत नाही. दहा-बारा दिवस आम्ही हा खेळ केला. मग तेच म्हणाले, राहू द्या ताई, डोळे फोडून घ्यान.

बावीस मार्चला नवीन आदेश आला. दोन डोसांमधलं अंतर आता सहा आठवडे. आमच्या कॉम्प्युटरनं नत्थूजींची तारीख आपली आपणच सरकवली, नऊ एप्रिलची तेवीस एप्रिल झाली. मी एक एप्रिलला डॉक्टरांजवळ गोष्ट काढली, की आजपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस आहे, रंभाबाई छप्पन वर्षांची आहे, तिच्या नावावर नत्थूजींना देऊन टाकू. डॉक्टर म्हणाले, एका घरात दोनदा खोटं, सापडलो तर दोघंही बाराच्या भावात. मी जोर धरला नाही. एक चूक केली म्हणून मला तेव्हा नियम फार आठवायला लागले होते.

त्या एप्रिलबद्दल नागपुरात कोणाला काय सांगायचं. ॲम्ब्युलन्सचा आवाज इतका झाला, की लहान मुलं खेळताना तोंडानं तोच आवाज काढायची. गंगाबाई घाटावर प्रेतं जाळायला नंबर लागत होते. आमच्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत डॉक्टरांनी पाच सिलिंडर आणून ठेवले आणि ज्यांना कुठंच खाट मिळाली नाही त्यांना ते बाकड्यावर झोपवून ऑक्सिजन लावायचे. लस महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. समाजभवनाला कुलूप लागलं. नत्थूजी त्या दिवसापर्यंत लोकांना हाका मारून आणत होते, लोकांच्या तोंडाजवळ जाऊन, कारण म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही.

अकरा तारखेला त्यांना ताप आला. तेराला रंभाबाई आणि तिचा भाचा त्यांना दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात घेऊन आले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर चौऱ्याऐंशी. दमेकरी माणूस, चाळीस वर्षं कापडाची धूळ ओढलेली छाती. डॉक्टरांनी सहा ठिकाणी फोन केले. सहाही ठिकाणी तेच उत्तर. आम्ही त्यांना आतल्या खोलीत, तपासायच्या टेबलावर झोपवलं आणि ते दोन दिवस तिथंच होते.

मी त्यांच्याजवळ बसायची. माझ्या हातानं जे द्यायला पाहिजे होतं ते सोडून बाकी सगळं मी त्यांना दिलं, पाणी, गोळ्या, इंजेक्शनं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. मला वाटलं पाणी पाहिजे.

"देवकीबाईले काई झालं नाई ना?"

मी म्हटलं, नाही, चांगली आहे, काल ओट्यावर बसलेली दिसली.

"मंग बरं," म्हणाले, आणि मास्क परत नीट लावला.

पंधराला खाट मिळाली आणि सतराला सकाळी ते गेले. देह घरी आला नाही. रंभाबाईनं लांबून पाहिलं असेल तेवढंच.

तेवीस तारखेला, म्हणजे ज्या दिवशी मी त्यांना लस देणार होते त्या दिवशी, सगळ्या गल्लीत एकच वाक्य झालं होतं: नत्थूजीनं सुई घेतली अन् नत्थूजी मेला. पानठेला कायद्यानं बंद होता, पण अर्ध्या फळीमागून भैयाजी पुड्याही विकत होता आणि हे वाक्यही. त्याच्याजवळ पुरावा होता. नत्थूजींच्या फोनवर आलेला निरोप त्यानं स्वतः पाहिला होता: आपला पहिला डोस यशस्वीपणे झाला, बारा मार्च. दमेकरी होता, साखर होती, हे सगळे विसरले. जो माणूस सगळ्यांना लसीला ओढून नेत होता, तोच लसीनं गेला. यापेक्षा चांगली गोष्ट पानठेल्यावर वर्षात येत नाही.

एप्रिलच्या शेवटी आठवड्यातून एक दिवस लस यायला लागली. शहरात दुसरीकडं लोक पहाटे पाचला रांगा लावत होते, आणि आमच्या समाजभवनात खुर्च्या रिकाम्या. कधी दोन जण यायचे, कधी तीन. दहा झाले नाहीत म्हणून मी त्यांनाही परत पाठवायची. दोन खेपा झाल्यावर आमची पेटी दुसऱ्या वस्तीला जायला लागली, तिथं माणसं जास्त होती म्हणून. मी दारोदार गेले, भांडले, ओरडले. लोक शांतपणे ऐकायचे आणि दार लावायचे. एक जण मला म्हणाला, तुम्ही नोकरी करून राहिल्या ताई, तुम्हाले सांगाच लागते.

एकच गोष्ट सांगितली असती तर दारं उघडली असती. नत्थूजींनी लस घेतलीच नव्हती, एवढंच. मी डॉक्टरांना म्हटलं, आपण आता सांगून टाकू. ते तेव्हा आतल्या खोलीत एकाचा सिलिंडर बदलत होते. पाना हातात तसाच धरून माझ्याकडं वळले.

"इंदुताई, आज तोंड उघडलं तर उद्या दवाखान्याला कुलूप. हे पाच जण आहेत, यांना कुठं नेऊन टाकू, सांगा."

ते वाईट माणूस नाहीत. त्या दोन महिन्यांत ते सहा-सहा दिवस घरी गेले नाहीत. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. आणि मी देवकीबाईला वचन दिलं होतं, आणि माझी नोकरी होती, आणि केस म्हणजे काय असतं ते मला नुसतं ऐकूनच माहीत होतं. गप्प राहायला कारणं पाहिजे तेवढी मिळतात.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी भैयाजी समाजभवनात आला. मी एकटीच बसले होते. सत्तेचाळीस वर्षांचा, धिप्पाड, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, तो त्या दिवशी दारातच उभा राहिला. त्याच्या ठेल्यावरची दोन रोजची गिऱ्हाइकं त्या आठवड्यात गेली होती. मास्क त्यानं नीट नाकावर ओढलेला होता, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"इंदुताई, एक खरं सांगा मले. नत्थूजीनं सुई घेतली होती, मंग ते काहून गेले? मी घेऊ का नोको घेऊ?"

त्यानं खरोखर विचारलं होतं. थट्टा नव्हती, वाद नव्हता. भ्यालेला माणूस विचारायला आला होता आणि मी सांगितलं असतं ते त्यानं ऐकलं असतं. मी म्हणायला पाहिजे होतं, की भैयाजी, त्यांनी घेतली नव्हती, त्यांची तुझ्या आईला दिली, आणि पाहा तुझी आई ओट्यावर टुणटुणीत बसली आहे. माझ्या तोंडात आलं होतं ते. मग मला वाटलं, हा घरी जाऊन म्हातारीवर ओरडेल. मग वाटलं, हा आत्ताच चौकात जाऊन सांगेल. मग डॉक्टर दिसले, पाना धरलेले.

मी त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं सांगितलं. एका डोसानं पूर्ण संरक्षण होत नाही, दुसऱ्या डोसानंतर दोन आठवडे जावे लागतात, ज्यांना आधीचे आजार आहेत त्यांना धोका राहतोच. एक शब्द चुकीचा नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे एका सुईनं काई होतच नाई," तो म्हणाला, आणि गेला.

भैयाजी मेच्या एकोणीस तारखेला कोरोनानं गेला. बारा दिवसांनी. त्यानं घेतली असती तर वाचलाच असता, असं मी म्हणू शकत नाही. एका डोसाला तेवढा वेळच नव्हता, हे मला कळतं. पण त्यानं विचारलं होतं आणि मी त्याला फसवलं, हे तेवढ्यानं कमी होत नाही. त्या महिन्यात आमच्या गल्लीतली सात माणसं गेली, सातही लस न घेतलेली. प्रत्येक वेळी मी मनाशी हिशेब मांडायची, की हा माणूस कोणत्या आठवड्यात लसीला येऊ शकला असता आणि त्या आठवड्यात मी काय करत होते. कोळसा उगाळावा तितका काळाच.

भैयाजी गेल्यावर देवकीबाई एकटी राहिली. आता कोणापासून लपवायचं राहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोल्यांतली बाकडीही रिकामी झाली, लाट उतरायला लागली. माझी कारणं एकेक करून संपत होती, तरी मी सांगितलं नाही. सवय लागली होती.

दोन डोसांतलं अंतर मध्येच आणखी वाढून बारा आठवड्यांचं झालं होतं. लाट उतरल्यावर आमची पेटी पुन्हा यायला लागली होती. चार जूनला सकाळी दहा वाजता समाजभवनात मी, लसीची पेटी आणि रिकाम्या खुर्च्या. रंभाबाई आली. एकटीच. हातात नत्थूजींचा बटणांचा फोन. तिनं तो माझ्यापुढं ठेवला. नत्थूजींच्या नावानं निरोप आला होता, की आपल्या दुसऱ्या डोसाची वेळ झाली आहे, कृपया जवळच्या केंद्रावर जावे.

मला वाटलं ती भांडायला आली आहे, आणि मला बरंच वाटलं असतं. पण तिनं कमरेच्या पिशवीतून स्वतःचं आधार कार्ड काढलं आणि मला म्हणाली, जोडीनं घेऊ म्हणून थांबले होते, आता मला एकटीलाच द्या.

ती एकटी होती. तिच्या पाठीमागं कोणी नव्हतं आणि येणारही नव्हतं. मी व्हायल फोडली. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या सहज कोणता नियम मोडला नसेल. तिचं नाव घातलं, सिरिंज भरली, तिच्या दंडाला स्पिरिट लावलं, आणि मग मला पुढं जाता येईना. सुई हातात धरून मी तिला सांगितलं.

"रंभाबाई, नत्थूजींना मी लस दिलीच नव्हती."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पदर खांद्यावर धरून समोरच्या भिंतीकडं पाहत होती.

"मालूम हाये मले. त्याच दिवशी संध्याकाळी सांगतलं ह्यायनं. देवकीबाईले देल्ली म्हणून. लय खूश होते."

माझ्या हातातली सुई मी खाली ठेवली. जवळजवळ तीन महिने मी ज्याच्याखाली दबून चालले होते ते हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला विचारलं, की मग गल्लीभर लोक बोलत होते, लसीनं मेला म्हणत होते, तेव्हा तुम्ही का नाही सांगितलं.

"कसं सांगू? लोकायनं म्हातारीले जगू देलं नसतं, का तुह्यापायी नत्थूजी गेला म्हणून. अन् तुमची नौकरी गेली असती. ह्यायनं बजावलं होतं मले, ताईले तरास होईन असं काई बोलू नोको." तिनं नत्थूजींचा फोन आपल्याकडं ओढला. "अन् मले वाटे, आज नाई तं उद्या तुमी सांगान. तुमी शिकेल बाई. म्या तं रोज वाट पाहो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सव्वीस वर्षांचं माझं तोंड वापरलं असतं, काहीतरी बोलले असते. मी सिरिंज उचलली आणि तिला लस दिली. मग मी म्हटलं, की मी आज, आत्ता चौकात जाऊन सगळ्यांना सांगते, डॉक्टरांना जे व्हायचं ते होऊ दे, मला जे व्हायचं ते होऊ दे. मी खुर्चीवरून उठलेही.

रंभाबाईनं माझा हात धरून खाली बसवलं.

"आता नोका सांगू, ताई. म्हातारीले अजून वाटते का ह्यायनं दुसऱ्या दिवशी आपली घेतली होती. पोरगा बी गेला तिचा. आता हे कळलं तं तिच्या जिवाले काय राहीन?"

म्हणजे सांगायचं होतं तेव्हा मी सांगितलं नाही, आणि आता सांगायचं नव्हतं. मी हो म्हणून मान हलवली. रंभाबाई उठली नाही, मीही उठले नाही. लस घेतल्यावर अर्धा तास बसायचं असतं, म्हणून आम्ही दोघी त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकमेकींसमोर अर्धा तास बसून राहिलो.